शांताबाईच्या नावाचं रक्त

माझ्या खोलीत बावीस वर्षांत कुणी बरं झालं नाही, आणि कुणी दगावलंही नाही. त्यामुळे नर्सच्या आठवणी म्हटल्यावर लोक ज्याची वाट बघतात ते माझ्याकडे काहीच नाही. पेढे घेऊन येणारी बाळंतीण नाही, शेवटच्या घटकेला हात धरणारा म्हातारा नाही. मी होते नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला. दारावर भलीमोठी इंग्रजी पाटी होती, ती कधी कुणी वाचली नाही. भोकर, किनवटकडची माणसं त्या खोलीला ‘फिटनेसची खोली’ म्हणायची आणि मला ‘फिटनेसवाल्या सिस्टर’. माझा एकंदर आकार पाहता ही चेष्टा आहे की काय, असा संशय मला पहिली दोन वर्षं येत राहिला.

काम सांगायला सोपं आहे. ऑपरेशन ठरलं की पेशंटला भरती करून घेण्याआधी तो भूल सोसेल का, हे बघावं लागतं. वजन, बीपी, नाडी, रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी. मग सगळी फाईल भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे जाते आणि त्या ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ म्हणतात. यातलं सुई टोचायचं काम सगळ्यांत हलकं. अवघड काम म्हणजे विचारणं.

विचारणं अवघड का, तर माणसं खोटं बोलत नाहीत म्हणून. खोटं बोलणारा लगेच सापडतो. इथे माणूस अगदी खरं बोलतो आणि आपण गोंधळून बसतो. किनवटकडच्या एका आश्रमशाळेत जन्मभर स्वयंपाक केलेले एक काका हर्नियासाठी आले होते. मी विचारलं, “काका, बीपीचा त्रास आहे का?” “न्हाई.” बीपी बघितलं तर ठीक. फाईल पुढे सरकवणार, तेवढ्यात त्यांनी तंबाखूसाठी खिशात हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. बीपीचीच गोळी, रोज सकाळची, सहा वर्षांपासूनची. मी म्हटलं, “काका, हे काय?” ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “गोळी खाऊन राहिलो ना मी. मग बीपी कसा राहील?” माझं नर्सिंगचं सगळं शिक्षण त्या वाक्यापुढे आडवं झालं.

बायकांचं निराळंच. “आधी काही ऑपरेशन?” “न्हाई बाई, कदीच न्हाई.” पोटावर टाक्यांची हातभर खूण. “मग हे काय?” “ते व्हय? ते तर पोरगं झालं.” मूल झालं, ते ऑपरेशनमध्ये धरायचं कशाला? म्हणून मी प्रश्नच बदलले. आजार कोणता असं विचारायचं सोडून दिलं. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय टाकता ते क्रमानं सांगा, म्हणायचे. मग चहा, मिश्री आणि गोळ्या सगळं एका रांगेत बाहेर यायचं.

एक प्रश्न मात्र मी कधी बदलला नाही. माझी पहिली नोकरी लातूरला. तिथल्या मोठ्या सिस्टर फार कडक होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पेशंटला नाव विचारायचं. आपण नाव सांगायचं नाही. ‘तुम्ही अमक्याच ना?’ म्हणालीस तर दवाखान्यात घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.” रक्त घेताना पेशंट स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगणार, मी चिठ्ठीवर बघणार, मग सुई, मग त्याच्यासमोरच नळीला चिठ्ठी. नव्या मुलींना मी हे इतक्या वेळा ऐकवलं की त्या माझ्यामागे माझी नक्कल करायच्या. मला ते ठाऊक होतं आणि मनातून बरंही वाटायचं.

आता शांताबाईचं सांगते.

भोकरच्या पुढच्या एका खेड्यातून दोन बायका आल्या होत्या. सख्ख्या जावा. थोरली शांताबाई, पंचेचाळिशीची, गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी आलेली. दोन वर्षं अंगावरून फार जात होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. धाकटी चंद्रकला, तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, सोबतीला. कापूस वेचणीला आलेला, म्हणून पुरुष कुणी नव्हते. बोलण्याचं सगळं काम चंद्रकलेकडे. शांताबाईला काही विचारलं की आधी धाकटीचा आवाज यायचा.

सोमवार होता. बाहेर पन्नासेक माणसं. चिठ्ठ्या छापणारं यंत्र सकाळीच रुसलेलं, सोबतची सिस्टर रजेवर, टेबलावरचा फोन सारखा वाजतोय. मी नाव पुकारलं. एक बाई लगबगीनं आत आली, खुर्चीत बसली आणि हात पुढे केला. मी फोन खांद्यानं कानाशी धरलेला, तशीच, वर न बघता तिला म्हणाले, “शांताबाई ना?”

“हाव.”

तीन नळ्या घेतल्या, कापूस दाबला, वर चिकटपट्टी फुलीसारखी लावली. मी ती तशीच लावते, निघत नाही. पुढचं नाव पुकारलं. झालं एवढंच.

दुपारी रिपोर्ट आले आणि मी एकेकाला नाडी, बीपीसाठी आत घ्यायला लागले. शांताबाई दार ओलांडून खुर्चीपर्यंत आली तर तिला धाप लागली. नाडी एकशे बारा. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तर पांढरीफटक. नखं पांढरी, जीभ पांढरी. मी मनात म्हटलं, हिचं हिमोग्लोबिन सहा असेल, फार तर साडेसहा. इतकी वर्षं पापण्या बघितल्यावर तेवढा अंदाज येतो, आणि मला त्याचा तोराही होता. कागद उघडला. बारा पूर्णांक आठ.

मी नाव बघितलं. शांताबाईचंच. नंबर बघितला, तोही तिचाच. परत पापणी बघितली. उजेड कमी आहे म्हणून तिला खिडकीशी नेलं. तिथे ती आणखीच पांढरी दिसली. इतका धडधाकट रिपोर्ट माझा तरी कधी आला नव्हता.

लॅबमध्ये सलीमभाई होते. नांदेडच्या जुन्या वस्तीतले, वडील अत्तरवाले. माणूस अत्तरासारखाच, थेंबाथेंबानं बोलणारा. मी म्हटलं, “सलीमभाई, यंत्राचं काहीतरी बिघडलंय.” ते म्हणाले, “सिस्टर, मशीन सकाळीच तपासून घेतलंय. ते झूट बोलत न्हाई.” तरी माझ्या समाधानासाठी तीच नळी त्यांनी पुन्हा लावली. बारा पूर्णांक सात. मग माझा माझ्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, वय झालं, आता निवृत्ती घ्यावी, इथपर्यंत मी मनात जाऊन आले.

फाईल तशीच पुढे ढकलणं फार सोपं होतं. कागद बरोबर होता, सही करायची होती. ऑपरेशन गुरुवारी. पिशवीच्या ऑपरेशनला रक्त जातंच. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त नाही तिचं टेबलावर काय होणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी फाईल घेऊन भूलतज्ज्ञ मॅडमकडे गेले आणि सरळ म्हटलं, “मॅडम, रिपोर्ट चांगला आहे आणि पेशंट चांगली नाही. मला यातलं काहीच कळत नाहीये.” मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण शहाण्या. म्हणाल्या, “सिस्टर, मग पुन्हा घ्या ना.”

मी परत आले, शांताबाईला बसवलं. चंद्रकला मध्येच उभी राहिली.

“पुन्ना कामून? सकाळी तीन शिश्या घेतल्याव की.”

“थोडंच घ्यायचंय.”

“मंग मपलं घ्या.”

“तुझं घेऊन काय करू? गप उभी राहा तिकडे,” मी खेकसले. कामाच्या रगाड्यात असली वाक्यं मी दिवसातून दहा वेळा ऐकत होते. नवरे बायकोसाठी म्हणतात, आया मुलांसाठी म्हणतात. मी त्याकडे लक्षच दिलं नाही. शांताबाईचा हात धरला, सकाळची खूण टाळून टोचायचं म्हणून कोपराची घडी बघितली. खूण नव्हती. दुसरा हात बघितला, तिथेही नाही. मनगटावर नाही, पंजावर नाही. “सकाळी मी कुठून घेतलं होतं हो?” शांताबाई म्हणाली, “मला काय ठावं बाई. मी मोरीकडं गेल्ते.” मला वाटलं, बाई अशक्त आहे, काहीतरीच बोलते आहे. मी नळ्या भरल्या आणि स्वतः लॅबमध्ये नेऊन दिल्या.

तासाभरानं सलीमभाई स्वतः माझ्या खोलीत आले. हा माणूस लॅब सोडून कधी येत नसे. हातात दोन कागद. सकाळचं हिमोग्लोबिन बारा पूर्णांक आठ, दुपारचं सहा पूर्णांक एक. सकाळचा रक्तगट बी, दुपारचा ओ. ते म्हणाले, “सिस्टर, ही एकच बाई हाय का दोन?”

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हिमोग्लोबिन चुकलं तर ऑपरेशन बिघडू शकतं. गट चुकला तर त्या गटाचं रक्त चढवल्यावर माणूस हातचा जातो. त्या एका नावावर जे दोन कागद होते, त्यांतला एक शांताबाईचा जीव घेणारा होता. पुढे रक्तपेढीत पुन्हा जुळवणी होते, तिथे सापडलं असतं, हे खरं. पण असतं-नसतंवर मला तेव्हा झोप लागली नसती आणि आजही लागत नाही.

बातमी वर गेली. अधीक्षक आले. दवाखान्यात असं काही झालं की पहिलं बोट लॅबकडे जातं. नळ्यांची अदलाबदल तिथेच होणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. सलीमभाईंना सगळ्यांसमोर बोलणी बसली. ते एवढंच म्हणत होते, “साहेब, नळीवर जे नाव आलं तेच मी लावलं.” मी तिथेच उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. गायकवाड सिस्टर कधी चुकत नाहीत, हे माझंच इतक्या वर्षांचं नाव त्या वेळी माझ्यासमोर आडवं आलं होतं.

मी बाहेर अंगणात गेले. लिंबाखाली दोघी जावा शिदोरी सोडून बसल्या होत्या. चंद्रकलेनं भाकरीचा तुकडा मोडून थोरलीपुढे धरला, तिचा पदर मागे सरकला, आणि कोपराच्या घडीत मला दिसला कापूस. त्यावर चिकटपट्टीची फुली.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. “तू दिलंस सकाळी रक्त?”

“हाव.” तिनं घास थांबवलासुद्धा नाही. “आक्का मोरीकडं गेल्ती. नाव पुकारलं, नंबर जाईल म्हून मी बसले.”

“अगं पण तुझं नाव शांता आहे का?”

“तुमीच म्हणलाव शांताबाई का म्हून. मी हाव म्हणलं. तिचंच काम करायले व्हते की मी.” मग ती जरा आवाज उतरवून बोलली, थोरलीला ऐकू जाऊ नये असा, पण थोरली शेजारीच होती. “तिच्या अंगात रगत ऱ्हायलं न्हाई बाई. दोन वर्सं नुसतं जायलंय. आन् तुमी तीन तीन शिश्या काढून घ्यायलाव. मह्या अंगात लई हाय. कुणाचं का असंना, घरचंच हाय की.”

शांताबाई तिच्याकडे बघत होती. तिला हे तेव्हाच कळत होतं. “येडी हाय का गं तू,” एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला चंद्रकलेला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

पण मी नर्स आहे, माझा संशय लवकर मरत नाही. रक्त कमी असलं की ऑपरेशन पुढे ढकलतात, हे खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक असतं. आपलं चांगलं रक्त देऊन थोरलीला पास करून घ्यावं, असा डाव तर नव्हता? मी तिला आडून विचारलं, सरळ विचारलं, धाकसुद्धा घातला. ती प्रत्येक वेळी तेच सांगत राहिली. हा भाबडेपणा होता की हुशारी, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आज लिहितानाही येत नाही. कदाचित तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अंगणातून लॅबकडे जायला दोन वाटा होत्या. मी लांबची घेतली, हे कबूल करते. वाटेत मनाशी वाक्य जुळवत होते. वर गेल्यावर अधीक्षकांना म्हणाले, “सर, लॅबची चूक नाही. पेशंटच्या जागी तिची नातेवाईकच बसली होती.” हे खरंच होतं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, खेड्यातल्या माणसांवर दोन-चार वाक्यं बोलून झाली. सलीमभाई मात्र माझ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, “सिस्टर, नाव इचारलं व्हतं ना तुमी?”

“नाही,” मी म्हटलं. “मीच नाव सांगितलं. तिनं फक्त हो म्हटलं. चूक माझी आहे.” सलीमभाईंनी दोन्ही कागद नीट घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाले, “चला, मशीन तरी सुटलं.” त्यांनी नंतर हा विषय कधी काढला नाही. पण मधले दोन तास त्यांनी माझ्या वाटची बोलणी खाल्ली, ते मला परत करता आले नाहीत. लेखी ताकीद मला मिळाली. ती योग्यच होती. नव्या मुलींना माझी नक्कल करायचं मग जिवावर यायला लागलं, आणि मीच त्यांना म्हटलं, करा गं, करत राहा.

शांताबाईचं ऑपरेशन गुरुवारी झालं नाही. दोन बाटल्या रक्त, लोहाची इंजेक्शनं, आणि तीन आठवड्यांनी झालं. नीट झालं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

माझ्या डोक्यात राहिलाय तो मधला मंगळवार. दोन बाटल्या ओ गटाच्या हव्या होत्या. चंद्रकला पुढे झाली. मी म्हटलं, “तुझं हिला चालत नाही. तुझा गट बी आहे, हिचा ओ.”

“चालत न्हाई म्हंजे?”

मी समजावलं. कागदावर काढून दाखवलं. तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला घराबाहेरच काढलं होतं. म्हणाली, “सतरा वर्सांची व्हते मी ह्या घरात आले तवा. माही दोन्ही बाळंतपणं आक्कानं केली. ईस वर्सं एका चुलीवर खाल्लं. मंग रगत येगळं कसं?” मी गटांचं सगळं पुन्हा सांगितलं. सांगता सांगता मलाच ते पटेनासं झालं.

शेवटी मी तिला रक्तपेढीत नेलं. तिथे त्या वेळी अशी पद्धत होती की नातेवाइकानं आपल्या गटाचं रक्त द्यायचं आणि पेशंटला लागतं ते न्यायचं. रक्त आता पिशवीत भरतात, पण सगळे बाटलीच म्हणतात. तिची तपासणी झाली. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक आठ, अर्थातच. मी स्वतः तिला विचारलं, “पूर्ण नाव सांग.” तिनं या वेळी स्वतःचं सांगितलं, नवऱ्याच्या नावापाशी लाजली.

ती खाटेवर पडली, सुई लागली, हातात चेंडू दाबायला दिला. मी शेजारी बसून राहिले. माझं तिथे काही काम नव्हतं, पण उठवेना. बराच वेळ ती नळीतून जाणारं रक्त बघत होती.

“हे आक्काला न्हाई ना जायचं?”

“नाही.”

“मंग कुणाला?”

“ज्याला बी गटाचं लागेल त्याला.”

“कोण हाय ते?”

“माहीत नाही. आपल्याला ते कळत नाही. त्यालाही तू कळणार नाहीस.”

तिनं दाबायचं थांबवलं. मला वाटलं, आता ही उठून बसते की काय. तिनं माझ्याकडे बघितलं, काळजीनं, आपल्या घरातल्या कुणाबद्दल विचारावं तसं.

“त्याच्या घरी सुई घ्यायला कुणीच न्हाई का?”

मी नुसती मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच माहीत नाही. तिनं पुन्हा मूठ आवळली.

“मंग जरा जास्तीचं घ्या की,” ती म्हणाली.